परक्या घरी जेवताना

शकुन हरकरे माझी मैत्रीण. आम्ही दोघी कलकत्त्यातच वाढलो. मी भवानीपूरला, ती गार्डन रीचला, रेल्वेच्या वसाहतीत. तिचे वडील श्यामकांतकाका रेल्वेच्या हिशेब कचेरीत हेडक्लार्क. मूळचे नागपूरचे. नोकरी लागली आणि रूळ जिथे संपले तिथे उतरलो, असं ते सांगायचे.

बंगालीत शकुन म्हणजे गिधाड. शाळेत पहिल्या दिवशी हजेरी घेताना बाई अडखळल्या आणि सगळा वर्ग हसला. घरी येऊन तिने विचारलं, "असं नाव का ठेवलंत?"

काका म्हणाले, "तू झालीस तेव्हा मला बंगाली येत नव्हतं."

पुढे कॉलेजात तिला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या नीलिमादी ते नाव घ्यायचंच टाळत. त्या तिला कुनु म्हणत. त्यांची ती फार लाडकी. शकुनला गवताचं वेड होतं. फुलांचं नाही, झाडांचं नाही, गवताचं. बजबजच्या लोकलने जायची, रुळांच्या कडेचं, तागाच्या गिरण्यांच्या कुंपणालगतचं तण उपटायची आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची. डब्यातल्या बायका विचारायच्या, "गाय पाळली आहे का गं?" ती "हो" म्हणायची.

मी तिच्या एक वर्ष पुढे, इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन मोकळी झाले. तिची परीक्षा होईना. ते एकाहत्तर साल होतं. कॉलेजच्या भिंतींवर घोषणा रंगवलेल्या, फाटकाशी पोलिसांची गाडी. ऑनर्सचे पेपर दोनदा पुढे ढकलले. तिसऱ्यांदा सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी हॉलमध्ये उत्तरपत्रिका जाळल्या. शकुन धुरातून बाहेर आली ती थेट नीलिमादींकडे गेली. नीलिमादी स्वतः अमेरिकेत आयोवाला एका लहान कॉलेजात दोन वर्षं शिकल्या होत्या. तिथे मैलोन्‌मैल गवताळ माळ आहे आणि त्या गवताचाच अभ्यास चालतो. त्यांनी तिथे पत्र लिहून अर्ज मागवला.

अर्ज सोपा होता. त्यातला एकच प्रश्न अवघड. आर्थिक मदत हवी आहे का? हो, की नाही?

महाराष्ट्र मंडळात जयप्रकाश नावाचा एक मुलगा यायचा. वडील बँकेत अधिकारी, बदलीवर आलेले. त्यानेही अमेरिकेला अर्ज केले होते. तो शकुनला म्हणाला, "मागितलंस की मेलीस. मी चार ठिकाणी 'हो' लिहिलं. चारी ठिकाणांहून गोड पत्रं आली. पत्र जितकं गोड तितकं ते नाही म्हणतात."

"आणि नाही मागितलं तर?"

"तर प्रवेश मिळतो. मग म्हणतात, पैसे दाखवा. मग तेवढे वडील बदलून घ्यायचे."

नीलिमादींचं म्हणणं उलट होतं. "मागायचं," त्या म्हणाल्या. "न मागणाऱ्याला ते देत नाहीत. आणि मागितलं हे मनातही ठेवत नाहीत."

घरी काकांनी अर्ज वाचला. चष्मा काढला. म्हणाले, "नाही लिही."

"नाही लिहिलं तर जाता येणार नाही, बाबा."

"मग नाही जाता येणार."

कारण सांगितलं नाही. आम्हाला तो ताठा वाटला. शकुन दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

काकांची एक गोष्ट मंडळात सगळ्यांना ठाऊक होती. ते बाहेर कोणाकडे जेवत नसत. लग्न असो, बारसं असो. गणपतीत मंडळात पंगत बसायची तेव्हा आमटीची बादली कायम त्यांच्या हातात. लहानपणापासून मी त्यांना तसंच पाहिलेलं. धोतर खोचलेलं, एक डोळा प्रत्येक पानावर. एखाद्या पोराच्या पानातला भात कोरडा राहिला तर ते दुसऱ्या टोकाहून यायचे. शेवटची पंगत बसली की बायका म्हणायच्या, "श्यामकांतराव, बसा आता." ते म्हणायचे, "माझं घरी झालंय." झालेलं नसायचं. बस पकडून घरी जायचे आणि मग जेवायचे. लोक म्हणायचे, सोवळ्याचे आहेत.

कालिंदीकाकूंनी, म्हणजे शकुनच्या आईने, आम्हाला खरं सांगितलं. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोवळं कसलं. वार लावून शिकलेत ते."

नागपुरात शाळेपासून मॅट्रिकपर्यंत. वडील लवकर गेले. आई खेड्यात. नागपुरातल्या सात घरांनी प्रत्येकी एक वार पत्करला. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. गरीब ब्राह्मणाच्या मुलाने शिकायचं तर त्या काळी असंच.

शकुन म्हणाली, "बाबांनी मला कधी सांगितलं नाही."

"मला तरी कुठे सांगितलं? मला सासूबाईंनी सांगितलं, शेवटच्या आजारात."

शकुनने अर्ज उचलून कपाटात ठेवला. मला म्हणाली, "राहू दे. नाही मागत."

मग नीलिमादी स्वतः गार्डन रीचला आल्या. काकांनी त्यांना चहा दिला, स्वतः घेतला नाही. नीलिमादी हिंदी, बंगाली आणि इंग्रजी मिसळून बोलत होत्या.

"श्यामकांतबाबू, ही भीक नाही. कुनुचे मार्क आहेत. माझी शिफारस आहे. ते निवडून देतात. माझे वडील बॅरिस्टर होते. त्यांनीही माझ्या अर्जावर 'हो' लिहिलं होतं."

काका म्हणाले, "बॅरिस्टरने मागितलं तर त्याला कोणी काही म्हणत नाही."

नीलिमादी हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "तिच्यासारखं गवत ओळखणारं दुसरं कोणी माझ्या हाताखालून गेलं नाही."

काही दिवस तसेच गेले. एका सकाळी कचेरीला निघताना, चपला घालता घालता काका म्हणाले, "हो लिही. तिकिटाचं मी बघतो. फंडातून मिळेल." आणि दार ओढून घेऊन गेले. शकुन तशीच धावत माझ्याकडे आली. बसमध्ये उभी राहून आली आणि पोचल्यावर बराच वेळ उभीच राहिली.

डिसेंबरात लढाई झाली. खिडक्यांच्या काचांना आम्ही तपकिरी कागद चिकटवले. टपाल थांबल्यासारखं झालं. लढाई संपली, कागद निघाले, तरी काचांवर खळीचे डाग राहिले. उत्तर एप्रिलमध्ये आलं. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते.

शकुन मोठ्याने वाचत होती आणि काकूंसाठी मराठीत सांगत होती. प्रवेश मिळाला. फी माफ. वसतिगृहात खोली. सकाळचं आणि दुपारचं जेवण कॉलेजात. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. काका खिडकीशी उभे होते. ते हसत होते. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचा परिच्छेद संध्याकाळच्या जेवणाचा होता. शकुनने पहिलं वाक्य वाचलं आणि तिचा आवाज हळू झाला. पण सुरुवात केली होती, थांबता येईना. गावातल्या चर्चच्या मंडळींची जुनी पद्धत आहे, असं लिहिलं होतं. परदेशी विद्यार्थ्याला ते आपलं मानतात. प्रत्येक कुटुंब आठवड्यातली एक संध्याकाळ घेतं. सोबत कुटुंबांची नावं होती. सोमवारी अमुक, मंगळवारी तमुक. सगळे आतुरतेने वाट पाहत आहेत.

काकूंच्या हातात साखरेची वाटी होती.

काकांनी विचारलं, "गुरुवारी कोण?"

शकुनने नाव वाचलं. एक दंतवैद्य, त्याची बायको आणि तीन मुलं.

"बरं," काका म्हणाले.

मला वाटलं, आता ते नको म्हणतील. ते तसं म्हणाले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी शकुनला समोर बसवलं. मीही होते. म्हणाले, "तूही ऐक शैला, ती विसरली तर आठवण कर."

आणि ते तिला शिकवू लागले.

"वेळेआधी जायचं नाही. स्वयंपाक झालेला नसतो, त्यांना ओशाळल्यासारखं होतं. माणूस ओशाळला की चिडतो. उशिराही जायचं नाही. रस्त्यावर एखादं झाड बघून ठेवायचं. तिथे थांबायचं, मग जायचं."

शकुन म्हणाली, "बाबा, तिथे बर्फ असतो."

"मग दुकान बघून ठेव."

"ते लोक पाटावर बसत नाहीत हो. टेबल असतं. भांडी मध्ये ठेवतात, आपलं आपण घ्यायचं."

"ते तर आणखी अवघड," काका म्हणाले. "आपल्या हाताने किती घ्यायचं ते कळायला वेळ लागतो. कमीच घे. ताटात काही टाकायचं नाही. पण निपटून पुसूनही खायचं नाही. भूक दिसते."

काकू आतून म्हणाल्या, "आणि गाय-बैल काही वाढलं तर?"

"नाही म्हणायचं. कारण एकदाच सांगायचं. प्रत्येक आठवड्याला सांगितलं की उपदेश होतो."

आम्ही हसत होतो. खरंच हसत होतो. काकाही मधे हसले. मला वाटलं, त्यांना हे सांगायला आवडतं आहे. इतकी वर्षं साठलेलं कोणाच्या तरी उपयोगी पडतं आहे.

"भाजी फार आवडली असं म्हणायचं नाही. पुढच्या वेळी ती नसली तर त्या बाईला वाईट वाटतं. मुलांशी बोलायचं. मुलांना आवडलीस तर वार टिकतो. आजारी पडलीस तर निरोप द्यायचा, नाहीतर अन्न उरतं. आणि त्यांच्या घरात खोलीत एकटं थांबायचं नाही. सगळे उठून गेले तर आपणही बाहेर जाऊन उभं राहायचं."

"का?" शकुनने विचारलं. अजून हसतच.

काका म्हणाले, "गुरुवारचं घर वकिलांचं होतं. बाई चांगल्या होत्या. भातावर तूप घालायच्या. एकदा चांदीची वाटी सापडेना. मी तिथे जेवत होतो, कोणी समोर नव्हतं. मला कोणी काही म्हणालं नाही. एका शब्दाने नाही. पुढच्या गुरुवारी माझं पान ओसरीवर मांडलेलं. ताट नाही, पत्रावळ."

"मग?"

"मग काही नाही. वाटी सापडली. नोकराने विहिरीवर घासायला नेली होती, तिथेच राहिली. मला त्यानेच सांगितलं. पण पान ओसरीवरच राहिलं. सवय झाली असेल त्यांना."

"आणि तुम्ही जात राहिलात?"

"तीन वर्षं. नाहीतर गुरुवारी काय खाणार?" मग लगेच म्हणाले, "ते जाऊ दे. सांगायचा मुद्दा काय, एकटं थांबायचं नाही."

पुढच्या रविवारी शकुन ऐकत होती. हसत नव्हती.

एका संध्याकाळी आम्ही दोघी नदीवर गेलो. पलीकडच्या काठावर बोटॅनिकल गार्डनची झाडं दिसत होती. ती म्हणाली, "शैला, मला तिथे घास गिळवणार नाही."

"अगं, ती माणसं वेगळी आहेत. प्रेमाने बोलावतायत."

"माहीत आहे. चांगलीच असतील. ती दंतवैद्याची बायको मला टेबलाशी बसवेल आणि बाबा ओसरीवर दिसतील. रोज. मी बाहेर झाडाखाली थांबेन ना, तेव्हा बाबाच थांबलेले असतील."

मी म्हटलं, "मग त्यांना लिही. संध्याकाळचंही कॉलेजातच द्या म्हण. मी तिथे भांडी घासेन म्हण. नीलिमादी लिहितील."

"म्हणजे आणखी मागायचं."

"मागितलंच आहेस की. आणखी एक."

"पहिलं मागितलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं मागणं कसं असतं," ती म्हणाली.

मी पुष्कळ बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. सोमवारी तिने खिदिरपूरच्या पोस्टातून पत्र टाकलं. घरच्या अडचणीमुळे येता येत नाही, जागा दुसऱ्याला द्यावी. मला टाकल्यानंतर सांगितलं. नीलिमादींना सांगितलं नाही, घरीही नाही. म्हणाली, "सांगते. जरा थांब."

ती सांगेल म्हणून मी वाट पाहत होते. त्याच आठवड्यात काका आमच्या घरी आले. एकटे. आले ते दारातच उभे राहिले. आई म्हणाली, "अहो, आत या." ते आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले. हातातली छत्री त्यांनी खाली ठेवली नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "एक मागायचं होतं."

आईने माझ्याकडे पाहिलं.

"येत्या गुरुवारी मी आणि शकुन तुमच्याकडे जेवायला येऊ का? मुद्दाम काही करू नका. रोजचंच. तिला जरा सवय व्हावी. नुसतं सांगून होत नाही. मी बरोबर असलो म्हणजे करून दाखवता येईल."

आईला त्यांचं बाहेर न जेवणं ठाऊक होतं. ती म्हणाली, "या हो. अवश्य या." ते गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

मी शकुनला गाठलं. म्हटलं, आजच सांग. ती म्हणाली, "कसं सांगू? ते तुमच्याकडे मागून आले?" दोन-तीनदा तिने तेच विचारलं. "मागून आले?"

गुरुवारी ते दोघे आले. अगदी वेळेवर. काकांनी धुतलेला सदरा घातला होता. वडिलांनी त्यांना पाटावर बसवलं. आईने वरण-भात, वांग्याची भाजी, कोशिंबीर केली होती. काकांनी चित्राहुती घातली. पहिला घास घेतला. त्यांचा चेहरा शांत होता. अधूनमधून ते शकुनकडे, हे बघ, असं करायचं, अशा नजरेने पाहत. आईने भात आणला तेव्हा त्यांनी हात आडवा धरला, मग थोडासा घेतला, आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

शकुनने एकही घास घेतला नव्हता. भात कालवून ती तशीच बसली होती.

"जेव," काका हळूच म्हणाले. "वाढलेलं पुढ्यात ठेवून बसू नये."

"बाबा, मी जात नाहीये."

"कुठे?"

"आयोवाला. मी त्यांना नाही म्हणून कळवलं. सोमवारी पत्र टाकलं."

आई भातवाढणी हातात घेऊन तशीच उभी राहिली. काकांनी विचारलं, "का?"

शकुन त्यांच्या पानाकडे पाहत राहिली. त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. आम्ही सगळे तो वेळ पाहत होतो. मग ते म्हणाले, "मी सांगितलं म्हणून?"

ती रडू लागली.

"तुला जाता यावं म्हणून सांगितलं," काका म्हणाले. "अगं, त्यासाठी सांगितलं. कालिंदीला नाही सांगितलं कधी." मग माझ्या वडिलांकडे वळून, जणू हिशेबातली चूक विचारावी तसं त्यांनी विचारलं, "मी गप्प बसायला हवं होतं का हो?"

दुसऱ्या दिवशी काका रजा टाकून जीपीओत गेले. टाकलेलं पत्र परत मिळतं का, असं खिडकीखिडकीशी विचारत फिरले. ते कधीच विमानात चढलं होतं. तिथून ते चालत भवानीपूरला आले. उन्हाने लाल झाले होते. आईने पाणी दिलं. खिशातून त्यांनी एक कागद काढला. कॉलेजला त्यांनी स्वतः पत्र लिहिलं होतं. अक्षर कचेरीतल्यासारखं नेटकं.

"तू साहित्याची," ते मला म्हणाले. "भाषा बघ. मुलीची चूक झाली, ती लहान आहे, असं लिहिलंय. जागा परत द्या, जेवण जिथे द्याल तिथे ती जेवेल, असं लिहिलंय. पण कोरडं वाटतं. विनवणी केल्यासारखं वाटलं पाहिजे. तसं कर."

मी तसं केलं. शिकलेलं सगळं इंग्रजी त्यात घातलं. त्यांनी वाचलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथे अजून थोडं," म्हणाले.

शकुनला ते कळलं तेव्हा तिने हरकत घेतली नाही. तिने काहीच केलं नाही. संध्याकाळी दारात बसून राहायची. काका कचेरीतून आले की विचारायचे, "टपाल?" ती मान हलवायची.

उत्तर जुलैच्या शेवटी आलं. काकांनी ते उभ्यानेच वाचलं आणि माझ्या हातात दिलं. दोन पानं होती. जागा सिलोनच्या एका विद्यार्थ्याला दिली होती, त्याचं तिकीटही निघालं होतं. त्यांना फार वाईट वाटत होतं. पुढच्या वर्षी शकुनने पुन्हा अर्ज करावा, मदतीसाठी जरूर लिहावं, असं दोनदा लिहिलं होतं. शेवटी गुरुवारच्या घरातल्या बाईंनी स्वतःच्या हाताने चार ओळी खरडल्या होत्या. मुलांनी शकुनच्या खुर्चीसाठी उशी शिवली होती. ती त्यांनी जपून ठेवली आहे.

शकुनने पुन्हा अर्ज केला नाही. पुढच्या वर्षी इथली परीक्षा एकदाची झाली. आता ती बेहालाला एका शाळेत शिकवते. बजबजला जात नाही.

त्या दिवशी मी पत्र वाचून घडी घातली. ती काकांना द्यावी की शकुनला, मला कळेना. काका खिडकीशी उभे होते.

"वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माणसं चांगली होती गं," ते म्हणाले. "खरंच चांगली होती."